संथपणाची पारख : पाळीव झुरळांच्या निवडीविषयी

झुरळांच्या ४,५०० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद आजवर झाली असून त्यांपैकी माणसाच्या वस्तीशी संबंध येणाऱ्या जाती जेमतेम ३० आहेत, आणि स्वयंपाकघरात व गटारात उच्छाद मांडणाऱ्या तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. बाकीच्या जाती पालापाचोळा, कुजके लाकूड, गुहा आणि वाळूमाती यांत राहतात, त्यांना माणसाच्या डब्यातल्या पोळीशी काही देणेघेणे नसते. युरोप-अमेरिकेत रुजलेला झुरळपालनाचा छंद उभा आहे तो बहुतांशी या मंडळींवर. झुरळ पाळण्याची कारणे दोन : एक तर ते सरडे, बेडूक, कोळी अशा पाळीव प्राण्यांचे खाद्य म्हणून, किंवा मग निव्वळ हौसेखातर. दोन्हीकडे निवडीची कसोटी मात्र एकच दिसते, ती अशी की ज्या गुणांवर घरातले झुरळ तग धरते, म्हणजे वेग, गुळगुळीत भिंत चढण्याची हातोटी, कोणत्याही हवेशी जुळवून घेणे आणि भराभर वाढणारी प्रजा, त्या गुणांचा जिथे अभाव असेल तेच झुरळ पाळण्यास चांगले.

खाद्य म्हणून वाढवल्या जाणाऱ्या जातींत दक्षिण अमेरिकेतील ब्लाप्टिका डुबिया हिचा मान मोठा आहे. साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर लांबीच्या या झुरळातील नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. नर फडफडतो पण खरे उड्डाण करत नाही, आणि नितळ काच किंवा प्लास्टिक दोघांनाही चढता येत नाही, त्यामुळे उंच कडांच्या टोपल्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले की त्यांची वसाहत नांदू लागते. मादी अंड्यांची डबी बाहेर टाकून न देता पोटातच उबवते आणि थेट पिल्लांना जन्म देते. एका वेतात २० ते ४० पिल्ले होतात व ती वयात यायला चार ते सहा महिने घेतात. प्रजननासाठी तिला २७ अंशांहून अधिक ऊब लागते, म्हणून थंड देशात एखादे निसटले तरी त्याचा वंश पुढे चालणे अवघड. तिचा दोष एवढाच, की भय वाटले की ती पुठ्ठ्याखाली दडते किंवा मेल्यासारखी निपचित पडते, आणि हलणारी वस्तूच टिपणाऱ्या सरड्याला समोरचा घास दिसतच नाही.

या दोषावर उतारा म्हणून अनेक जण मध्य आशियातील तुर्कस्तानी झुरळाकडे वळतात. ते सतत पळते, त्यामुळे सरड्याचे लक्ष चटकन वेधते, काचही चढत नाही. परंतु त्याची मादी अंड्यांच्या डब्या जिथे तिथे टाकून मोकळी होते, आणि पुठ्ठ्याच्या घडीत अडकलेली अशी एक डबी कचऱ्यातून बाहेर गेली तरी पुरते. अमेरिकेत हे झुरळ प्रथम १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका लष्करी आगारात आढळले आणि पुढे नैर्ऋत्येकडील शहरांत घराबाहेरच्या पाण्याच्या मीटरपेट्यांत व फरसबंदीच्या फटींत त्याने तिथे आधीपासून असलेल्या पौर्वात्य झुरळाला मागे सारले. ऑनलाइन खाद्यविक्रीनेही त्याच्या प्रसारास हातभार लावला, असे कीटकशास्त्रज्ञ मानतात. सोयीचे झुरळ आणि सुरक्षित झुरळ यांत अंतर पडते ते इथे.

हौसेसाठी पाळल्या जाणाऱ्यांत मादागास्करचे फुत्कारणारे झुरळ, शास्त्रीय नावाने ग्रोम्फाडोरिना पोर्टेंटोसा, सर्वांत प्रसिद्ध आहे. बिनपंखी, तपकिरी, ५ ते ७.५ सेंटिमीटर लांब अशा या किड्याचा आवाज घशातून येत नाही. कीटक पोटाच्या बाजूंवरील श्वासरंध्रांनी, म्हणजे बारीक छिद्रांनी, श्वास घेतात, आणि हे झुरळ पोटाच्या चौथ्या वळ्यावरील छिद्रांच्या जोडीतून हवा जोराने बाहेर दाबते. पकडले की निघणारा फुत्कार वेगळा, मादीला रिझवण्याचा वेगळा, आणि नरांच्या झुंजीतला आणखी वेगळा. नराच्या मानेवरील ढालीवर शिंगांसारखे दोन उंचवटे असतात. दोन नर समोरासमोर आले की ते या शिंगांनी एकमेकांना रेटतात, पोटे आपटतात, आणि जिंकलेला नर हरलेल्याच्या तुलनेत अधिक फुत्कारतो. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पायांच्या मुळाशी फिकट रंगाचे बारीक गोचीडवर्गीय जीव फिरताना दिसतात. नवख्याला ती कीड वाटते, पण ते यजमानाच्या अंगावरचे अन्नकण खाऊन राहतात आणि त्याला त्यांचा उपद्रव होत नाही. हे झुरळ दोन ते पाच वर्षे जगते आणि हातावर शांत बसते. काच मात्र सहज चढते, म्हणून डब्याच्या वरच्या कडेला आतून व्हॅसलीनचा पट्टा लावण्याची रीत आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या गेंडा-झुरळाविषयी थोडक्यात सांगायचे तर ते जगातील सर्वांत वजनदार झुरळ होय. ३५ ग्रॅमपर्यंत भरणारा हा प्राणी जमिनीत सुमारे मीटरभर खोल बीळ खणतो, निलगिरीची सुकी पाने खातो, मादी पिल्लांना बिळात कित्येक महिने सांभाळते, आणि आयुष्य दहा वर्षांपर्यंत असते. त्याला खाद्य म्हणून वापरणे हा शुद्ध वेडेपणाच ठरेल.

या छंदात भारताचा वाटा आहे तो थेरिया पेटिव्हेरियाना या दक्षिण भारतीय जातीमुळे. पाश्चात्त्य छंदिष्ट तिला डॉमिनो म्हणतात, कारण काळ्याभोर, गोलसर पाठीवर सात पांढरे ठिपके सोंगटीवरच्या खुणांसारखे उठून दिसतात. नीट पाहिले तर ही नक्षी दोन्ही पंखांवर सारखी नाही : डाव्या पंखावर चार ठिपके व उजव्यावर तीन, कारण मिटलेल्या अवस्थेत डावा पंख उजव्यावर चढतो आणि झाकल्या जाणाऱ्या भागावर ठिपका काढण्याचे काही प्रयोजनच उरत नाही. झुडपी रानात राहणारा सहा ठिपक्यांचा भुंगेरा शत्रूवर दाहक द्रव फवारतो. त्याच्या रूपाची ही नक्कल असावी, असे अभ्यासकांना वाटते. पिल्ले पालापाचोळ्याच्या मातीत सावकाश वाढतात आणि प्रौढांचे आयुष्य काही महिन्यांचेच, त्यामुळे ठिपकेदार प्रौढ मेल्यावर नवखा पालक वसाहत संपली असे समजून माती फेकतो आणि तिच्यासोबत पुढची पिढीही घालवतो. दिवाणखान्यातील काचपेटीसाठी निवड करायची तर सौंदर्य, संथपणा आणि निरुपद्रवीपणा या तिन्ही बाबतींत हे झुरळ सरस ठरते. खाद्य म्हणून मात्र ते इतके मंदगतीने वाढते की हिशेब जुळत नाही.

पालनाची खरी किंमत पिंजऱ्यात नसून हवेत असते. झुरळांची विष्ठा आणि कातीचा भुगा यांतील प्रथिनांमुळे दमा व ॲलर्जी बळावू शकते, म्हणून दाट वसाहती निजण्याच्या खोलीत ठेवू नयेत आणि साफसफाईच्या वेळी नाकातोंडावर मास्क बांधावा. कायद्याची बाजूही देशागणिक बदलते : कॅनडात डुबियावर बंदी आहे, अमेरिकेतील फ्लोरिडात फुत्कारणाऱ्या झुरळासाठी परवाना लागतो, आणि भारतात परदेशी कीटक जिवंत आणायचे तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली आधी परवानगी घ्यावी लागते. नको झालेली वसाहत दया म्हणून बागेत सोडणे हा सर्वांत वाईट उपाय; ती दुसऱ्या पालकाकडे द्यावी, नाहीतर पुठ्ठे आणि माती यांसकट पिशवीत बांधून काही दिवस गोठवणपेटीत ठेवावी, मगच कचऱ्यात टाकावी.