विश्लेषण : वर्ध्यातली वीस खुर्च्यांची ‘को-वर्किंग’ जागा एकटी का टिकत नाही?

करोनानंतर काहींना एक सोय मिळाली. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, मुक्काम मात्र वर्ध्यातल्या घरी. अडचण घरातच असते. दुपारी लाइट जाते, मीटिंग सुरू असताना पाहुणे येतात, नेट नेमकं तेव्हाच अडकतं. अशांना तासावर किंवा महिन्यावर खुर्ची, टेबल, इंटरनेट आणि बॅकअप देणारी जागा म्हणजे को-वर्किंग स्पेस. मुंबई-बंगळुरूत मोठ्या कंपन्या हा धंदा करतात. जिल्ह्याच्या गावात तो पंधरा-वीस खुर्च्यांचा असतो आणि चारच ग्राहक सोडून गेले तरी डगमगतो.

गणित कुठे बिघडतं?

समजा, वीस खुर्च्या आहेत. भाडं, वीज, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट आणि एक कर्मचारी मिळून महिन्याचा खर्च ४० हजार रुपये. एका खुर्चीचे २,५०० रुपये घेतले, तर नुसता खर्च निघायला १६ खुर्च्या भराव्या लागतात. चौघांना कंपनीने पुण्याला परत बोलावलं की १० हजारांचा खड्डा. चारशे खुर्च्यांच्या जागेत चौघं गेल्याचं कळतही नाही.

मूळ धोका मोठ्यांनाही चुकलेला नाही. जागा वर्षानुवर्षांच्या कराराने घ्यायची आणि ग्राहक मात्र महिन्याच्या बोलीवर, अशी रचना असलेल्या ‘वीवर्क’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

मग आघाडी म्हणजे काय?

एका जागेचा सभासद दुसऱ्या गावातल्या जागेतही बसू शकेल, असा करार. कल्पना नवी नाही. २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग या सॉफ्टवेअर इंजिनिअरने सॅन फ्रान्सिस्कोत को-वर्किंग सुरू केलं. पुढच्या काही वर्षांतच ‘को-वर्किंग व्हिसा’ आला. सहभागी जागांनी एकमेकांच्या सभासदांना काही दिवस मोफत बसू द्यायचं.

यात कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही, हे महत्त्वाचं. वर्ध्याचा सभासद दोन दिवस नागपुरात बसला, तरी महिन्याचे पैसे वर्ध्यातच भरतो, कारण घर वर्ध्यात आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन जागा स्पर्धक असतील. पाऊणशे किलोमीटरवरच्या दोन जागा स्पर्धक नसतात.

ग्रामीण भागासाठी जर्मनीचं उदाहरण जास्त कामाचं. श्लेस्विग-होल्स्टाइन या उत्तरेकडच्या राज्यात २०१८ मध्ये एक कंटेनर ऑफिससारखा सजवून गावोगावी फिरवला गेला. लोक खरंच येऊन बसतात का, हे आधी पाहिलं. त्यानंतर २०१९ मध्ये ‘कोवर्कलँड’ ही सहकारी संस्था उभी राहिली. छोट्या जागा चालवणारे तिचे सभासद आहेत. बुकिंगची यंत्रणा आणि सल्ला सामाईक, जागा ज्याची त्याची. आयर्लंडमध्ये सरकारच्या पाठबळाने २०२१ मध्ये ‘कनेक्टेड हब्ज’ सुरू झालं आणि आज त्यावर तीनशेहून अधिक जागा आहेत. कॅनडाच्या ऑन्टॅरिओत तर आघाडीतून सभासदांसाठी सामूहिक आरोग्य विमाही निघाला. एकट्या वीस खुर्च्यांच्या मालकाला हे जमलं नसतं.

वर्ध्यात हे कसं जुळेल?

भूगोल सोयीचा आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग जिल्ह्यातून जातात, समृद्धी महामार्गही जातो. हिंगणघाट नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पुलगाव मुंबईच्या रेल्वेमार्गावर. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी आणि नागपूर यांचा एकच पास असेल, तर क्लायंटला भेटायला नागपूरला जाणाऱ्याला तिथल्या कॅफेत कॉफीवर कॉफी मागवत बसावं लागणार नाही.

ग्राहकही वाटतात त्याहून वेगवेगळे आहेत. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत विदर्भभरातून रुग्ण येतात. सोबतच्या नातेवाइकाला चार दिवस मुक्काम करायचा आणि कामही चालू ठेवायचं असतं. हिंदी विश्वविद्यालयातले संशोधक आहेत, बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची मुलं आहेत.

आणि अभ्यासिका! एमपीएससी करणाऱ्यांच्या अभ्यासिकांनी महिन्याचे पैसे देऊन खुर्ची घेण्याची सवय तालुक्याच्या गावांना को-वर्किंगच्या आधीच लावली. वायफाय, बॅकअप, लॉकर सगळं तिथे असतं. नसते ती फक्त बोलण्याची मुभा. आर्वीत नवी जागा भाड्याने घेण्यापेक्षा तिथल्या अभ्यासिकेत फोनवर बोलता येईल अशी एक बंद खोली करून तिला आघाडीत घेणं केव्हाही स्वस्त.

कागदपत्रांचं काय?

सुरुवात साध्या लेखी कराराने होते. पुढे सामाईक खातं लागलं, तर भागीदारी संस्था किंवा सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार व्यक्तींची संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण हवेत. जीएसटीत सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल ही आहे. मात्र ‘पैसे घेतलेच नाहीत, खुर्चीच्या बदल्यात खुर्ची दिली’ हा युक्तिवाद चालत नाही. कायद्यात वस्तुविनिमयही पुरवठाच धरला जातो. नोंदणी असलेल्यांनी सीएला आधी विचारावं.

परगावच्या सभासदाची ओळख पटवणं हाही मुद्दा आहे. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांत ओळखपत्राची आणि वापराची नोंद किमान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. वायफाय कुणी वापरलं हा प्रश्न पोलिसांकडून कधीही येऊ शकतो. ही शिस्त इथेही पाळलेली बरी.

वर्ध्याला ही रचना परकी नाही

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं केंद्र आलं. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांवरचे प्रयोग आणि प्रशिक्षण मगनवाडीत व्हायचं, उत्पादन मात्र गावोगावी. महागडी आणि अवघड कामं एकत्र, रोजचा धंदा आपापल्या गावात. आज त्याच मगनवाडीत ‘एमगिरी’ ही केंद्र सरकारची संस्था ग्रामीण उद्योगांसाठी काम करते.

भांडण कुठे होईल?

हिशेबात. वर्ध्याचे लोक नागपूरला जितके जातील, तितके नागपूरचे वर्ध्याला येणार नाहीत. पहिले दोन महिने मोफत देवाणघेवाण गोड वाटेल. मग ‘आमच्याच खुर्च्या का अडवता’ ही कुरकुर सुरू होईल. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक भेटीची नोंद हवी. महिन्याला तीन दिवस मोफत, त्यापुढच्या दिवसाला पाठवणाऱ्या जागेने ठरलेली रक्कम द्यायची, असा काहीतरी दर आधीच लिहून ठेवावा लागेल. मीटिंग रूम यातून वगळलेली बरी, कारण छोट्या जागेत ती एकच असते आणि सोमवारी सकाळी सगळ्यांनाच हवी असते.