आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी: काय मिळतं, काय जातं

आजचा भाग बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी, आणि त्यांच्या आईबाबांसाठीसुद्धा. "पाच वर्षं शिकलीस, मग पगार एवढाच का?" हा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेलाय. मी पुण्यात आधी एका मोठ्या ऑफिसात होते, आता आठ जणांच्या छोट्या ऑफिसात आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

आधी फायदे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे साइट. कॉलेजात आपण बाथरूमचा प्लॅन काढतो आणि पुढे जातो. साइटवर कळतं, की तिथला स्लॅब खाली घ्यावा लागतो, त्यात पाइप टाकतात, वॉटरप्रूफिंग होतं, पाणी भरून ठेवून गळती बघतात, आणि मगच फरशी बसते. मिस्त्रीच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही.

दुसरा फायदा, नियम. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात २०२० पासून एकच बांधकाम नियमावली आहे. बाजूला किती जागा सोडायची, एफएसआय कसा मोजायचा, हे परवानगीची फाइल स्वतः तयार केली की पक्कं होतं.

आता तोटे. पगार कमी का? तर ऑफिसची फी टप्प्याटप्प्यानं येते. क्लायंटनं काम थांबवलं की फी थांबते. "एवढं किचन जरा फिरवून द्या ना" म्हटलं की दहा ड्रॉइंग बदलतात, पण फी बऱ्याचदा तेवढीच राहते. तो ताण शेवटी ज्युनिअरच्या रात्रींवर येतो.

मोठ्या ऑफिसात आणखी एक गंमत असते. पगार वेळेवर, पण मी दीड वर्ष फक्त दारं-खिडक्यांचे तक्ते केले. छोट्या ऑफिसात सगळं करायला मिळतं, पण पगाराची तारीख पुढेमागे होते.

आणि मग कोणीतरी बाळकृष्ण दोशींचं उदाहरण देतं. पुण्यात जन्मलेले दोशी १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिएंकडे गेले, सुरुवातीचे काही महिने बिनपगारी राबले, आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. खरंय. पण त्यांना शिकवायला समोर कॉर्बुझिए होते! तुमच्या ऑफिसात तुम्हाला कोण शिकवणार, हे आधी विचारा.

म्हणजे इंटरव्ह्यूमध्ये हे चार प्रश्न विचाराच:
१. महिन्यातून किती वेळा साइटवर नेणार?
२. माझं ड्रॉइंग कोण तपासणार?
३. पगार किती तारखेला होतो?
४. इथलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का?

उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही एक उत्तरच आहे.

डिग्री हातात आली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लांबणीवर टाकू नका. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.

माझं मत विचाराल तर, कमी पगार शिकण्यासाठी सोसायचा असतो. दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारा, नवीन काय आलं? सलग दोनदा उत्तर "काहीच नाही" आलं, तर पोर्टफोलिओ अपडेट करायला घ्या.

चला, भेटूया पुढच्या भागात!