पऱ्हाटीच्या पानातला धागा

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या शिवारात जूनचा पाऊस झाला, की सरकी लावायची घाई सुरू होते. पाकिटावर ‘संकरित’ छापलेले असते, पण दाणा निरखून ते खरे की खोटे हे भल्या जाणत्यालाही सांगता येत नाही.

संकरित सरकी माणसाच्या हातून तयार होते. मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर आदल्या संध्याकाळी काढायचे, दुसऱ्या सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग तिच्यावर फिरवायचे. एखादी कळी नजरेतून सुटली, की तिचे स्वपरागीकरण होते आणि ते बी संकरित राहत नाही. असे बी ओळखायची जुनी रीत म्हणजे ते लावून झाडे वाढताना पाहणे. त्यात अख्खा हंगाम जातो. डीएनए तपासणीसाठी मात्र रोपाचे एक कोवळे पान पुरते.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ सुरू केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. त्यातले जिवाणूचे जनुकही डीएनएमध्येच शोधावे लागते.

पण आधी तो डीएनए पेशीबाहेर आणायला हवा. केळ्यातून तो घरीही निघतो: कुस्करलेल्या केळ्यात भांड्यांचा साबण नि मीठ कालवायचे, गाळायचे आणि वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडायचे. पांढरे तंतू वर येतात. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे, म्हणून साबण ते फोडतो, तसाच जसा तो कढईचा तेलकटपणा काढतो. डीएनएवर ऋण भार असतो. मिठातले सोडियम तो झाकते, आणि स्पिरिटमध्ये न विरघळणारा डीएनए गोळा होतो.

कपाशी एवढी सरळ नाही. तिच्या पानावरचे बारीक काळे ठिपके म्हणजे गॉसिपॉलच्या ग्रंथी. पान वाटले, की त्यातली पॉलिफेनॉल हवेने तपकिरी होतात, चिरलेले वांगे काळे पडते तशी, आणि डीएनएला चिकटून बसतात. वर बुळबुळीत शर्करा असतातच. म्हणून प्रयोगशाळेत ‘सीटॅब’ नावाचा साबणासारखा पदार्थ भरपूर मिठासह वापरतात आणि मिश्रण सुमारे ६५ अंशांवर तापवतात. त्यात घातलेले पीव्हीपी हे रसायन पॉलिफेनॉलना धरून ठेवते. ईडीटीए हे दुसरे रसायन मॅग्नेशियम अडवते, त्यामुळे डीएनए तोडणारी विकरे लुळी पडतात. मग क्लोरोफॉर्म घालून फिरवले, की प्रथिने खाली-मध्ये राहतात आणि डीएनए वरच्या पाण्यात उरतो. या कामात घाई केली, तर हाती तपकिरी चिखल येतो.

१८६९ मध्ये ट्युबिंगेनला फ्रिडरिख मीशर यांनी रुग्णांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून डीएनए प्रथम वेगळा केला. तो कशासाठी असतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

आता शुद्ध डीएनएचा ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवून जेलवर पळवतात. खरे संकरित रोप आईचा आणि बापाचा, असे दोन पट्टे दाखवते. सुटलेल्या कळीचे बी एकच पट्टा दाखवते, आईचा.