हाडांची झीज आणि कॅल्शियमची गोळी

साठी ओलांडलेली एखादी स्त्री न्हाणीघरात पाय घसरून पडते. पडणे फारसे जोराचे नसते. परंतु खुब्याचे हाड मोडते आणि पूर्वीसारखे चालणे तिला पुन्हा जमत नाही. असा प्रसंग अनेक कुटुंबांनी पाहिलेला आहे. त्याच्या धास्तीने घरातील इतर प्रौढ स्त्रियांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या जातात. या गोळ्यांनी अस्थिभंग खरोखर टळतो काय? याचे उत्तर समजण्यासाठी प्रथम हाडाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे.

हाड दगडासारखे निर्जीव भासते. वस्तुतः त्यात मोडतोड व बांधकाम ही दोन्ही कामे अखंड चालू असतात. काही पेशी जुने हाड विरघळवितात, तर दुसऱ्या पेशी त्या जागी नवे रचतात. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेला अल्प अंश रक्तात व इतर पेशींत असतो. हृदयाचे आकुंचन व मज्जातंतूंचे कार्य त्यावर अवलंबून असते. म्हणून आहारातून कॅल्शियम अपुरे मिळाले, की शरीर हाडांच्या पेढीतून ते काढून घेते. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाण्यास ड जीवनसत्त्वाची आवश्यकता असते आणि ते मुख्यतः उन्हाच्या साहाय्याने त्वचेत तयार होते.

स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन हे हॉर्मोन हाड विरघळविणाऱ्या पेशींवर अंकुश ठेवते. रजोनिवृत्तीनंतर ते फार घटते आणि पुढील काही वर्षे हाडांचा खर्च जमेपेक्षा झपाट्याने वाढतो. हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या या विकाराला अस्थिसुषिरता म्हणतात. त्याचा रजोनिवृत्तीशी असलेला संबंध १९४० च्या सुमारास अमेरिकेतील बॉस्टन येथील वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी दाखवून दिला. झिजेचे मूळ हॉर्मोनच्या अभावात असल्याने केवळ कॅल्शियम देऊन ती पूर्णपणे थांबत नाही, हे उघड आहे.

मग पूरक द्रव्यांचा उपयोग किती? येथे तीन मोठे प्रयोग उद्बोधक आहेत. फ्रान्समध्ये वृद्धनिवासांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवर केलेला प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८४ वर्षे होते. निम्म्या स्त्रियांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० एकके ड जीवनसत्त्व देण्यात आले. दीड वर्षात औषध नियमित घेणाऱ्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. या स्त्रियांना ऊन क्वचितच मिळे व त्यांच्या आहारात कॅल्शियमही थोडे असे.

अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ५० ते ७९ वर्षे वयाच्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना सुमारे सात वर्षे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० एकके ड जीवनसत्त्व मिळाले. त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एक टक्का अधिक राहिली. परंतु अस्थिभंगांतील घट निश्चित मानण्याइतकी नव्हती आणि मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. यांपैकी पुष्कळ स्त्रियांना आहारातूनच पुरेसे कॅल्शियम मिळत होते. तिसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील असून तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सत्तरी गाठलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ड जीवनसत्त्वाची पाच लाख एककांची मात्रा देण्यात आली. त्यांच्यात पडण्याचे व हाडे मोडण्याचे प्रसंग कमी न होता उलट वाढले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘पूरक’ म्हणजे उणीव भरून काढणारे. रिकाम्या घागरीत ओतलेले पाणी उपयोगी पडते. भरलेल्या घागरीत ओतलेले वाहून जाते. म्हणून गोळी घेण्यापूर्वी आपल्या आहारात उणीव किती आहे, हे पाहावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एक पेला गाईच्या दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दही, तीळ, शेवग्याची पाने व काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे हेही त्याचे चांगले साधन आहे. दोन पेले दूध व ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी घेणाऱ्या स्त्रीला एवढ्यानेच सुमारे ६५० मिलिग्रॅम मिळतात. इतर अन्नातूनही काही भर पडते. राहिलेली तूट भरण्यापुरतीच गोळी पुरे. आपल्या देशात ऊन विपुल असले, तरी घरात वा कचेरीत दिवस जात असल्यामुळे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तिची खात्री रक्ततपासणीने होते.

गोळी घेताना वेष्टनावरील आकडे नीट वाचावेत. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी व एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम घेऊ नये. लोहाच्या किंवा थायरॉइडच्या औषधाबरोबर ती घेऊ नये; मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. मूतखडा झालेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. किरकोळ पडण्याने ज्यांचे हाड मोडले आहे, त्यांनी तर केवळ गोळ्यांवर विसंबू नये. हाडांची घनता तपासून योग्य औषधोपचार करून घ्यावा.

रोजचे चालणे, न्हाणीघरातील कोरडी जमीन व भिंतीला आधाराचा दांडा यांचे मोल गोळीहून कमी नाही. शिवाय हाडांचा मुख्य साठा साधारणतः तिशीपर्यंतच जमा होतो. म्हणून आज शाळेत असलेल्या मुलीचे दूध, नाचणी व मैदानावरील खेळ हीच तिच्या उतारवयाची पहिली तरतूद होय.