धावपटूला पाणीही बाधते तेव्हा...

अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली २८ वर्षांची एक धावपटू वाटेत कोसळली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. कारण उष्माघाताचे नव्हते, पाणी कमी पडल्याचेही नव्हते. शर्यतीदरम्यान प्यालेल्या पेयांच्या अतिरेकामुळे तिच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत घसरले होते.

निरोगी व्यक्तीच्या एक लिटर रक्तद्रवात साधारणतः १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. हे प्रमाण १३५च्या खाली उतरले की त्या अवस्थेला 'हायपोनॅट्रेमिया' म्हणतात. रक्त पातळ झाल्याने पाणी पेशींमध्ये शिरू लागते आणि पेशी फुगतात. इतर अवयवांना ही सूज काही काळ सोसते. मेंदूला मात्र कवटीच्या कठीण भिंतींमुळे फुगायला जागाच नसते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा, पुढे झटके आणि बेशुद्धी ही त्याचीच लक्षणे.

त्याच बॉस्टन शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील १३ टक्के धावपटूंचे सोडियम घटलेले होते आणि तिघांची अवस्था चिंताजनक होती. शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. संथ धावणाऱ्याला घाम तुलनेने कमी येतो आणि प्रत्येक केंद्रावर थांबून पाणी पिण्यास सवडही मिळते. त्यातच दीर्घ श्रमांच्या ताणाने शरीरातील एक संप्रेरक लघवीचे प्रमाण घटवते. परिणामी जादा पाणी शरीरातच साठून राहते.

घामावाटे मीठ जाते हे खरे. पण मुख्य दोष अतिरिक्त पाण्याचा असतो. म्हणूनच मिठाच्या गोळ्या घेऊन वाटेल तितके पाणी पिणे सुरक्षित ठरत नाही. खेळाडूंसाठीच्या बाटलीबंद पेयांतही रक्ताच्या मानाने सोडियम बरेच कमी असते.

खरा घात होतो तो निदानात. कोसळलेल्या धावपटूला पाणी कमी पडले असावे, असे गृहीत धरून त्याला आणखी पाणी पाजले जाते किंवा नेहमीचे सलाइन लावले जाते. त्यामुळे प्रकृती अधिकच बिघडू शकते. गंभीर रुग्णाला तीव्र क्षारयुक्त सलाइन द्यावे लागते. त्यासाठी रक्ततपासणीची सोय शर्यतीच्या ठिकाणीच असणे मोलाचे ठरते.

तहान लागण्यापूर्वीच भरपूर पाणी प्यावे, हा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जाई. तज्ज्ञांच्या २०१५च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मात्र तहानेप्रमाणे पिणे हाच मार्ग सुचवला. मुंबईसारख्या दमट शहरात धावणाऱ्यांनी पाणी टाळावे, असा याचा अर्थ नव्हे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पाणी गरजेपेक्षा अधिक प्यायले गेले, हे निश्चित समजावे.