नव्या स्वतंत्र व्हिडिओ खेळांचा शोध

व्हिडिओ खेळ म्हटला कीं सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें सामान्यतः दोनच चित्रें उभीं राहतात: एक धडाधड गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांचें, आणि दुसरें मोबाइलमध्यें डोकें खुपसून बसलेल्या व हाकेला ओ न देणाऱ्या मुलाचें. हीं चित्रें खोटीं आहेत असें मी म्हणत नाहीं. परंतु तेवढ्यावरून सबंध कलेविषयीं मत बनविणें म्हणजे भिंतीवरच्या जाहिराती वाचून मराठी वाङ्मयाची परीक्षा करण्यासारखें आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापलीकडे, एकट्यादुकट्यानें किंवा फार तर पांचदहा माणसांनीं स्वतःच्या हिमतीवर रचलेल्या खेळांचें एक निराळेंच जग आहे. त्यांना 'स्वतंत्र' अथवा रूढ शब्दांत 'इंडी' खेळ म्हणतात. ते कसे जन्मास येतात, आणि घरबसल्या ते कसे शोधावे, याचा आज थोडा विचार करूं.

मोठ्या कंपनीच्या एका खेळामागें शेंकडों कारागीर राबत असतात व कोट्यवधि डॉलर गुंतलेले असतात. येवढी रक्कम परत यावयाची तर गेल्या वर्षीं जें खपलें तेंच यंदा थोडें सजवून पुढें ठेवावें, हा मोह अनावर होतो. एकट्या माणसाला हें ओझें नसतें. त्याच्यापाशीं द्रव्य थोडें, पण मोकळीक पुष्कळ. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांत एखादा मनुष्य नाटक लिही, पदांना चाली लावी, पडदे रंगवी आणि प्रसंगीं तोंडाला रंग लावून उभाही राही. त्याच जातीचा हा कलावंत होय.

अमेरिकेंतील सिअ‍ॅटलचा एरिक बॅरोन हें याचें ठळक उदाहरण. २०११ सालीं संगणकशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला, नोकरी मिळेना. हाताला वळण राहावें म्हणून त्यानें शेतीवरचा एक लहानसा खेळ रचावयास घेतला, आणि त्या कामांत त्याचीं सुमारें साडेचार वर्षें गेलीं. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, पात्रांचीं संभाषणें त्याचीं, आणि संगणकाला द्यावयाच्या आज्ञाही त्यानेंच लिहिलेल्या. याच काळांत तो एका नाट्यगृहांत प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करी. 'स्टारड्यू व्हॅली' या नांवानें तो खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्रसिद्ध झाला. कचेरीला कंटाळलेला तरुण आजोबांच्या पडीक शेतावर जाऊन तें पुन्हां पिकतें करतो, येवढेंच त्याचें कथानक. परंतु २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

खपाची गोष्ट सोडून देऊं. अशा खेळांत सांगण्यासारखें कांहीं असतें काय, हा खरा प्रश्न आहे. लुकास पोप यानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'पेपर्स, प्लीज' या खेळांत आपण एका कल्पित हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवरील तपासनीस असतों. येणाऱ्याचे कागद तपासावयाचे आणि शिक्का मारावयाचा. चुका वाढल्या कीं दंड होतो. दंड झाला कीं घरीं अन्न, औषध व ऊब यांपैकीं कशावर तरी पाणी सोडावें लागतें. अशांत एक गृहस्थ रीतसर आंत जातो, आणि मागून येणाऱ्या त्याच्या बायकोचे कागद अपुरे निघतात. नियम पाळावा कीं माणुसकी? तासभराच्या व्याख्यानानें जें मनावर बिंबत नाहीं, तें स्वतःच्या हातानें शिक्का मारतांना क्षणांत कळतें. वाचक दुसऱ्याचा निर्णय पाहतो. खेळणाऱ्याला निर्णय स्वतः घ्यावा लागतो. या कलेचें सामर्थ्य येथें आहे.

दुसरें उदाहरण आपल्या घराच्या अधिक जवळचें आहे. टोरांटो येथील एका लहान मंडळीनें २०२३ सालीं 'वेण्बा' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. १९८०च्या दशकांत कॅनडांत जाऊन राहिलेल्या तामिळ कुटुंबाची ही कथा. आईजवळ तिच्या आईची पाककृतींची जुनी वही आहे. पानें फाटलेलीं, शाई पुसलेली. गाळलेली पायरी कोणती, इडलीपात्राच्या थाळ्या वाफ फिरेल अशा कशा रचाव्या, हें आपण ओळखून काढावयाचें. इकडे मुलगा हळूहळू मातृभाषेपासून दूर जात असतो. परदेशीं वाढणारीं नातवंडें ज्यांच्या घरीं आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

महाराष्ट्रांतही हें काम चाललें आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवर 'राजी' हा खेळ रचला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. दृश्यांत राजस्थानी वास्तुकलेची व पहाडी चित्रशैलीची छाया. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. पुढें एका संस्थापकानें आपली सदनिका विकून काम चालू ठेवलें. २०२० सालीं खेळ बाहेर पडला, आणि त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत त्याचें नांव आलें.

परंतु हीं झालीं किनाऱ्याला लागलेलीं नांवें. 'स्टीम' या संगणकखेळांच्या प्रमुख पेठेंत २०२४ या एका वर्षांत १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. तेथें खेळ मांडण्यास १०० डॉलर भरले कीं पुरे. त्यामुळें दार सर्वांना उघडें, आणि म्हणूनच गर्दीही अपार. जें खपतें तेंच दुकान पुढें मांडतें. न दिसणारा खेळ न दिसताच राहतो. कोणाचीं तरी चारपांच वर्षें अशीं पहिल्या आठवड्यांतच बुडून जातात. शोधणाऱ्या रसिकाचें महत्त्व यामुळेंच आहे.

मग शोधावें कसें? शितावरून भाताची परीक्षा ही आपली जुनी रीत येथें उत्तम चालते. पुष्कळ कलावंत खेळाचा आरंभीचा भाग 'डेमो' म्हणून फुकट देतात. स्टीमवर वर्षांतून तीन वेळां 'नेक्स्ट फेस्ट' नांवाची जत्रा भरते; तेव्हां यावयाच्या खेळांचे असे शेंकडों नमुने एकत्र चाखावयास मिळतात. विकत घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास, तेथें परत करतां येतो.

दुसरी पेठ 'इच डॉट आयओ'. २०१३ सालीं निघालेल्या या ठिकाणीं अनेक खेळ विनामूल्य असतात, कांहींची किंमत घेणाऱ्यानें ठरवावयाची असते, आणि पेठेचा वांटा किती हें विकणारा ठरवितो. तेथें 'गेम जॅम'चे खेळही सांपडतात. ठरलेल्या विषयावर दोनचार दिवसांत खेळ रचून दाखविण्याची ही स्पर्धा. अशाच चार दिवसांच्या रचनेंतून पुढें २०१८ सालचा 'सेलेस्ट' हा नांवाजलेला खेळ वाढला. बीज पाहून वृक्षाची कल्पना करण्याची हौस असेल त्यानें या पेठेंत अवश्य हिंडावें.

तिसरा मार्ग पारितोषिकांच्या याद्यांचा. १९९८ सालीं स्थापन झालेल्या 'इंडिपेंडेंट गेम्स फेस्टिव्हल'चें सर्वोच्च पारितोषिक शेमस मॅकनॅली या कॅनडियन तरुणाच्या नांवानें दिलें जातें. आपल्या कुटुंबासह रचलेल्या खेळाला २००० सालीं तें मिळालें, आणि त्याच महिन्यांत वयाच्या २१व्या वर्षीं तो कर्करोगानें निवर्तला. वर सांगितलेले 'पेपर्स, प्लीज' व 'वेण्बा' हे दोन्ही खेळ, अनुक्रमें २०१४ व २०२४ सालीं, या पारितोषिकाचे मानकरी ठरले. मात्र विजेत्यावर न थांबतां नामांकनांची सबंध यादी पाहावी. विलक्षण वस्तु बहुधा तेथें असते.

आणि चौथा, माझ्या मतें सर्वांत चांगला मार्ग म्हणजे कर्त्याचें नांव लक्षांत ठेवणें. पुस्तक आवडलें कीं आपण लेखकाचें दुसरें पुस्तक मागवितों. खेळाच्या बाबतींत मात्र कर्ता कोण हें विचारीतही नाहीं. शेवटीं येणारी नामावली वाचावी. त्या माणसानें आधीं काय केलें, आतां काय चालविलें आहे, हें पाहावें.

२०२५ सालीं आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो जुगाराचा प्रश्न; त्याच्या धाकानें घरांतील सर्वच खेळांवर काट मारूं नये. येत्या रविवारीं मुलाशेजारीं बसून एखादा डेमो खेळून पाहावा. आवडला तर पेठेंतील आवडीच्या यादींत त्याची नोंद करावी, आणि विकत घेतल्यावर त्याखालीं अभिप्रायाच्या दोन प्रामाणिक ओळी लिहाव्या. पुढच्या ग्राहकाला तो खेळ दिसण्यास या दोन ओळींचें साहाय्य होतें. आणि त्या कोठें तरी एकट्यानें काम करीत बसलेल्या माणसाच्या वाचनांत खात्रीनें येतात.