वाढत्या वयातील वजन : घराची आणि शाळेची जबाबदारी



आपल्या घरांतून मुलाचे बाळसे हे नेहमीच समाधानाचे लक्षण मानले गेले. ज्या पिढ्यांनी साथी पाहिल्या, रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांना गुटगुटीत नातवंड पाहून धन्यता वाटावी यात नवल नाही. परंतु तान्ह्या बाळाचे बाळसे आणि दहाव्या वर्षी पोटाभोवती साठलेली चरबी या अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिले चालू-धावू लागताच सहसा ओसरते. दुसरी बहुधा वयाबरोबर वाढत जाते.

भारतात १९९० साली ५ ते १९ या वयोगटातील सुमारे ४ लाख मुले लठ्ठ होती. २०२२ पर्यंत ही संख्या सुमारे सव्वा कोटीवर गेली, असे २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत नमूद आहे. याच देशात कुपोषित मुलेही मोठ्या संख्येने आहेत, हे विसरून चालणार नाही. तथापि आज विचार करावयाचा आहे तो पहिल्या प्रश्नाचा, कारण तो आपल्या मध्यमवर्गीय घरांत नकळत शिरला आहे.

आपल्या बाबतीत त्याला एक विशेष कारण आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, तेथील नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या तुलनेत चरबीचे प्रमाण अधिक होते. म्हणजे आपली प्रकृती दिसायला सडपातळ, परंतु आतून चरबीकडे झुकलेली. त्यामुळे थोड्याशा जादा वजनानेही मधुमेह, रक्तदाब आणि यकृतात चरबी साठणे हे विकार आपल्याकडे लवकर डोके वर काढतात.

मग मूल खरोखर स्थूल आहे किंवा कसे, हे ओळखावे कसे? डोळ्यांवर विसंबू नये. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जी संख्या येते, तिला बी.एम.आय. म्हणतात. प्रौढांचे ठोकताळे मुलांना लावता येत नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी हा भेद लक्षात घेऊन ती संख्या वाढीच्या आलेखावर पाहावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी असे आलेख २०१५ साली प्रसिद्ध केले असून ते बालरोगतज्ज्ञांकडे पाहावयास मिळतात.

येथे या विषयाचे मर्म आहे. समजा, ९ वर्षांच्या मुलाची उंची १३५ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलो आहे. त्याचा निर्देशांक २०.९ येतो, त्या वयाला तो जास्त आहे. या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. दोन वर्षांत ती १४६ झाली आणि वजन ३८ वरच राहिले, तर निर्देशांक १७.८ वर येतो व ११ व्या वर्षी तो निरोगी ठरतो. एक किलोही न घटवता मूल सुदृढ झाले! म्हणून वाढत्या वयातील बहुतेक मुलांच्या बाबतीत आपले उद्दिष्ट वजन उतरविण्याचे नसून ते रोखून धरण्याचे असावे. उपाशी ठेवणे, एकवेळचे जेवण बंद करणे, जाहिरातीतील चूर्णे देणे यांनी उंची, हाडे आणि मन या तिन्हींचे नुकसान होते. वजन फारच जास्त असेल, तर ते थोडे उतरवावेही लागते. परंतु तो निर्णय वैद्यांनी घ्यावा.

वजन रोखावयाचे म्हणजे घराची रीत बदलावयाची. प्रथम गोड पेये दूर करावीत. ३०० मिलिलिटर शीतपेयात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ आठ चमचे. दिवसाला १७०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार, वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा जवळजवळ ४२ ग्रॅम येते. एका बाटलीतच तिचा पाऊण हिस्सा संपतो. बाटलीबंद फळांचा रसही याला अपवाद नाही. त्यापेक्षा अखंड फळ द्यावे.

आपण इंदूरकर. पोहे, त्यांवर शेव, सोबत जिलबी आणि रात्री सराफ्याची फेरी हा आपल्या शहराचा अभिमान आहे व तो सोडावा असे मी म्हणणार नाही. मात्र सणाचे पदार्थ सणाला आणि सराफा कधीमधी, एवढे पथ्य सर्व घराने पाळावे. पोह्यांत मटार व शेंगदाणे वाढवावेत, शेव चिमूटभर घ्यावी. वरणभात आणि त्यावर चमचाभर तूप हे शत्रू नव्हेत. सोबत उसळ, कोशिंबीर, ताक असावे. ‘पानात टाकू नये’ हा आपला संस्कार चांगलाच. तो पाळण्यासाठी पानात आधीच कमी वाढावे आणि भूक असल्यास मुलाने पुन्हा मागावे. काय शिजवावे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खावे हे मुलाच्या भुकेने. जेवताना दूरदर्शन आणि मोबाइल दोन्ही बंद असावेत, कारण लक्ष पडद्यावर असले की पोट भरल्याचे कळत नाही.

एकाच घरात धाकट्याला लाडू आणि थोरलीला काकडी, असा पंक्तिप्रपंच कधीही करू नये. त्याने मूल चोरून खाऊ लागते. ‘जाड्या’, ‘ढब्बू’ ही विशेषणे गमतीनेही उच्चारू नयेत. ती ऐकून कोणाचे वजन कमी होत नाही. मूल खेळातून अंग काढून घेते आणि एकटे बसून खाते, एवढेच होते.

मुलांना रोज किमान ६० मिनिटे घाम येईल असा खेळ हवा : खो-खो, लंगडी, लेझीम, सायकल, काहीही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी; झोप अपुरी पडली की भूक वाढते, हे आता सिद्ध झाले आहे.

काही लक्षणे दिसताच वैद्यांकडे जावे. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली चट्टे उमटतात. आई ते मळ समजून घासत राहते. ते बहुधा इन्सुलिनचे कार्य बिघडत असल्याची खूण असतात. झोपेत मोठे घोरणे, वारंवार तहान व लघवी, गुडघा किंवा जांघ दुखून लंगडणे यांकडेही दुर्लक्ष करू नये. वजन वाढत असून उंची मात्र खुंटली असेल, तर ग्रंथींचा विकार तपासून घेणे अगत्याचे आहे.

उरला शाळेचा वाटा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिस्निग्ध, अतिखारट व अतिगोड पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यास मनाई आहे. नियम कागदावर आहे. फाटकाबाहेरची गाडी कोठे उभी राहते, हे पाहणे आपल्या हाती आहे. खेळाचा तास गणितासाठी घेतला जाऊ नये आणि संघ निवडताना सर्वांत मागे उरणाऱ्या मुलालाही मैदानावर काम मिळावे, एवढे शिक्षकांनी पाहावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. शाळेला आपण कपाटे दिली, पंखे दिले. आता आपला वेळ द्यावा. आळीपाळीने दोघा-तिघांनी जबाबदारी घेतली, तर शाळेचे मैदान रोज सायंकाळी एक तास मुलांसाठी खुले राहू शकेल. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना या मैदानावर धावणारी मुले पाहून खचितच संतोष वाटला असता.